जर्मन बेकरीत प्रथम जाताना

बाजारात वावरणाऱ्या माणसाला दुकानाची पाटी वाचण्याची सवय जडलेली असते. पण केवळ पाटी वाचून माल उचलील तो व्यापारी कसला? धान्याच्या पोत्यावर काहीही लिहिलेले असो, आपण मूठभर दाणा तळहातावर घेतो, दाताखाली धरून पाहतो, भाव मागाहून विचारतो. हीच चिकित्सक बुद्धी खाण्याच्या नव्या दुकानात शिरताना मात्र आपल्याला सोडून जाते. तेथे आपण पाटी वाचूनच निर्णय करतो. कोणी परदेशी नाव पाहून हरखून आत जातो, तर कोणी तेच नाव पाहून दुरूनच परततो. दोघांनीही मालाला हात लावलेला नसतो.

भोपाळातील आपल्या व्यापारी कुटुंबांतील कित्येक मुलेमुली आज शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यास राहतात. त्यांना भेटावयास गेलेल्या आईवडिलांना मुले हौसेने शहर दाखवतात, आणि कोरेगाव पार्क विभागात गेल्यावर ‘जर्मन बेकरी’ हे नाव निघतेच. दाराशी पोहोचल्यावर वडीलधाऱ्यांची पावले अडखळतात. आत अंडे असेल काय, पाव आपल्याला चालतो काय, मुलगा येथे नेहमी येतो काय, असे प्रश्न मनात उभे राहतात; परंतु ते विचारले जात नाहीत. मुलगाही आपणहून काही सांगत नाही. प्रश्न वडिलांच्या मनात राहतो, उत्तर मुलाच्या मनात राहते, आणि एका साध्या पावाच्या निमित्ताने घरात लपवाछपवी शिरते. पावात काय आहे याहून ही गोष्ट अधिक चिंतेची आहे. म्हणून अशा दुकानात प्रथम पाऊल टाकण्यापूर्वी त्याचे नाव कोठून आले, त्यातील माल कसा तयार होतो आणि विक्रेत्याला नेमके काय विचारावे, याची माहिती आपल्या वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नावाचा उगम

पुण्याची जर्मन बेकरी कोरेगाव पार्कातील नॉर्थ मेन रोडवर १९८९ साली सुरू झाली. ज्ञानेश्वर खरोसे हे तिचे संस्थापक, आणि क्लाउस गुट्झाइट या जर्मन गृहस्थांचे त्यांना साहाय्य होते. पुण्यासारख्या शहरात, जेथे चितळ्यांची बाकरवडी आणि इराण्यांचा मस्का-पाव यांची सद्दी, तेथे जर्मन पावाला गिऱ्हाईक कोठून मिळाले, असा प्रश्न कोणाही व्यापाऱ्यास पडेल. त्याचे उत्तर शोधीत गेल्यास आपण फिरून आपल्याच प्रांतात येऊन पोहोचतो.

पूर्वीच्या भोपाळ संस्थानातील कुचवाडा या खेड्यात, आजोळच्या घरी, ११ डिसेंबर १९३१ रोजी कापडाचा व्यापार करणाऱ्या एका तारणपंथी जैन कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. हे गाव आज मध्य प्रदेशाच्या रायसेन जिल्ह्यात मोडते. हाच मुलगा पुढे जबलपुरास तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला, आणि त्यानंतर आचार्य रजनीश, भगवान रजनीश व अखेरीस ओशो या नावांनी जगाला परिचित झाला. त्यांच्या शिकवणुकीविषयी अनुकूल वा प्रतिकूल मत देण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्या विषयापुरती गोष्ट इतकीच की, १९७४ मध्ये त्यांनी कोरेगाव पार्कात आश्रम स्थापिला आणि युरोप-अमेरिकेतून हजारो माणसे पुण्यास येऊ लागली. त्यांत जर्मनांची संख्या मोठी होती. १९८१ मध्ये ते अमेरिकेस गेले, १९८७ मध्ये पुण्यास परतले, आणि १९ जानेवारी १९९० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. १९८७ नंतर आश्रमाभोवती परदेशी पाहुण्यांची वर्दळ पुन्हा वाढली, आणि अशा काळात ही बेकरी उभी राहिली.

महिनोन्महिने परमुलखात राहणाऱ्या माणसाला देवळाची नसली तरी घरच्या अन्नाची ओढ लागतेच. आपला मनुष्य परदेशी गेला की पहिल्या आठवड्यात आटा आणि तुरीची डाळ शोधतो. जर्मन मनुष्य आपला काळसर, जाड कवचाचा पाव शोधतो. ती गरज ओळखून कोणीतरी भट्टी पेटविली. व्यापाराचा आरंभ बहुधा असाच होतो. ज्या शहरात परका मनुष्य स्थिरावतो, तेथे त्याच्या अन्नाचे दुकान निघते, आणि काही काळाने तेथे स्थानिक लोकांचीच गर्दी अधिक होते.

गोवा, पुष्कर, ऋषिकेश, मनाली, लेह, त्याचप्रमाणे नेपाळातील काठमांडू आणि पोखरा, या परदेशी प्रवाशांच्या मुक्कामाच्या ठिकाणीही ‘जर्मन बेकरी’ अशा पाट्या दिसतात. ही सारी एका पेढीची दुकाने आहेत असे कोणी समजू नये. त्यांचे मालक निराळे, आचारी निराळे, माल निराळा. कित्येक दुकानांचा जर्मनीशी संबंध पाटीपुरताच असतो. ज्याप्रमाणे ‘मथुरा पेढा’ विकणारा प्रत्येक हलवाई मथुरेचा नसतो, त्याप्रमाणे हेही समजावे.

जर्मन पाव म्हणजे काय

आता मालाकडे वळू. ‘पाव’ हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि पश्चिम किनाऱ्यावरील पाव हा बहुतांशी मैद्याचा, मऊ व पांढरा. जर्मनीतील नेहमीचा पाव त्याहून पुष्कळच वेगळा आहे. त्या देशाच्या थंड आणि हलक्या जमिनीच्या भागांत गहू पूर्वी बेताचाच येई. तेथे ‘राय’ नावाचे धान्य उत्तम पिके. (ही राय म्हणजे आपल्या फोडणीतील राई किंवा मोहरी नव्हे, ते गव्हाच्याच जातकुळीतील एक करडे धान्य आहे.) गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की चिवट ताण येतो, त्यात वायू कोंडून राहतो आणि पाव फुगतो. रायच्या पिठास हा ताण फारसा येत नाही. म्हणून जर्मन बेकर त्यास आंबवतो. पीठ आणि पाणी कालवून काही दिवस ठेवले असता त्यात हवेतील व धान्यावरील सूक्ष्म जीव वाढतात आणि पीठ आंबट होते. त्यातील थोडे आंबवण रोजच्या पिठात विरजणासारखे घालतात. या आंबटपणामुळे रायचा पाव चिकट न होता नीट भाजला जातो व पुष्कळ दिवस टिकतो.

वेस्टफालिया प्रांतातील ‘पुंपरनिकेल’ नावाचा पाव भरड रायचा असून तो मंद उष्णतेवर निदान सोळा तास भट्टीत ठेवावा लागतो. इतक्या वेळात धान्यातील साखरेचा रंग उतरून तो काळपट व किंचित गोड होतो. ‘ब्रेत्सेल’ नावाचा गाठीच्या आकाराचा पाव भाजण्यापूर्वी सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढतात. त्याची तकाकी आणि तपकिरी रंग त्यातून येतो. जर्मनीतील पावांच्या नोंदवहीत तीन हजारांहून अधिक प्रकार नोंदविलेले आहेत, आणि २०१४ मध्ये त्या देशाने आपल्या पाव-संस्कृतीचा समावेश राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत केला.

व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. जर्मनीत पिठास क्रमांक असतात: ४०५, ५५०, १०५० इत्यादी. हे क्रमांक मनाचे नव्हेत. शंभर ग्रॅम पीठ जाळले असता मागे जितके मिलिग्रॅम राख उरते, तो त्या पिठाचा क्रमांक. राख कमी म्हणजे कोंडा काढलेला शुभ्र मैदा, राख अधिक म्हणजे कोंड्यासह दळलेले पीठ. तीच शिस्त पावाच्या नावासही लागू आहे. ‘रायचा पाव’ म्हणून विकावयाचा असेल तर त्यात निदान ९० टक्के राय पाहिजे. ‘पूर्ण धान्याचा पाव’ म्हणावयाचे असेल तर निदान ९० टक्के पूर्ण धान्य पाहिजे. आपल्याकडे ‘ब्लॅक फॉरेस्ट’ या नावाने घराघरांत ठाऊक झालेल्या केकमध्ये जर्मनीत चेरीपासून काढलेले मद्य असावेच लागते, आणि तेही चवीस जाणवेल इतके. आपल्या शहरांतील बेकऱ्यांत त्याच नावाचा केक मद्याविना आणि पुष्कळदा अंड्याविनाही मिळतो. याचा अर्थ असा की, ज्या देशात हे नाव जन्मले तेथे नावाने माल बांधला गेलेला आहे. ज्या देशात ते नाव पाहुणे म्हणून आले तेथे ते कशालाही बांधलेले नाही. म्हणूनच आपल्या येथे विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

जुना प्रश्न आणि नवा प्रश्न

पुण्यात परक्याच्या हातच्या खाण्यावरून मोठे वादळ पूर्वी एकदा उठले होते. १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांनी तेथील पंचहौद मिशनमध्ये शहरातील अनेक प्रतिष्ठितांस बोलाविले आणि मिशनऱ्यांकडून चहा व बिस्किटे पुढे ठेवविली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. नंतर नावे प्रसिद्ध झाली, तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, आणि टिळक व रानडे यांसारखी माणसेही प्रायश्चित्ताच्या वादात सापडली. किनाऱ्याकडे तर विहिरीत पाव टाकला आणि त्या पाण्याने सारा गाव बाटला, अशी कथा पोर्तुगीज अमदानीविषयी आजही सांगितली जाते.

त्या काळी प्रश्न होता, ‘हे कोणी दिले?’ बिस्किटात काय आहे याची फारशी चौकशी कोणी केली नाही; देणारा कोण एवढेच पाहिले गेले. आज आपला प्रश्न ‘हे कशाचे केले आहे?’ असा असावयास हवा. विक्रेता कोणत्या जातीचा, धर्माचा वा देशाचा, याची विचारपूस माणसामाणसांत भिंत घालते. माल कशाचा, ही विचारपूस मात्र कोणाचाही अपमान करीत नाही. उलट, स्वच्छ व्यवहार करणाऱ्या दुकानदारास ती आवडते. आपल्या पेढीवर येऊन कोणी तुपाची किंवा कापडाची बारकाईने चौकशी केली तर आपण रागावतो काय? जाणते गिऱ्हाईक आले म्हणून आपण अधिक सावधपणे बोलतो, इतकेच.

काय विचारावे

साध्या जर्मन पावात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण किंवा यीस्ट एवढेच जिन्नस असतात. अंडे त्यात बहुधा नसते. परंतु ‘बहुधा’ या शब्दावर व्रत पाळता येत नाही. म्हणून पुढील गोष्टी एकेक करून विचाराव्यात.

पहिली गोष्ट अंड्याची. केक, पेस्ट्री व मऊ गोड पाव यांत अंडे असण्याचा संभव मोठा. आतील पीठ अंड्याविना असूनही वरून तकाकीसाठी अंड्याचा हात फिरविलेला असू शकतो. तेव्हा ‘आत आहे काय’ आणि ‘वरून लावले आहे काय’ असे दोन प्रश्न करावेत. अंड्याचा व बिनअंड्याचा माल एकाच पत्र्यावर भाजला जातो काय, एकाच सुरीने कापला जातो काय, हेही विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट जिलेटिनची. थंडगार, थरथरत्या मिठाया, काही प्रकारचे चीजकेक आणि फळांवरील पारदर्शक थर यांत ते असते, आणि ते प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. त्याऐवजी समुद्रवनस्पतीपासून केलेले अगर-अगर वापरणारे आचारीही आहेत.

तिसरी गोष्ट मधाची. आरोग्यदायक म्हणून गौरविलेल्या पूर्ण धान्याच्या पावांत साखरेच्या जागी मध घालण्याची पद्धत आहे. बाहेरचा मनुष्य मधाला शुद्ध शाकाहार समजतो. आपल्या घरी तो वर्ज्य. हा घोटाळा विक्रेत्याच्या लबाडीमुळे नव्हे, तर दोन समजुतींतील अंतरामुळे होतो.

चौथी गोष्ट स्निग्धाची. अर्धचंद्राकृती पदरी पावात, ज्यास क्रोसाँ म्हणतात, लोणी मुबलक असते. लोण्याविषयी कडक नियम पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जर्मनीतील काही जुन्या कृतींत प्राणिज चरबीही येते. म्हणून कोणते स्निग्ध वापरले, हे विचारणे इष्ट.

पाचवी गोष्ट कंदमुळांची. गाजराचा केक ही अशा दुकानांची आवडती वस्तू. लसणाचा पाव, कांद्याचे वाटोळे, बटाटा घातलेला मऊ पाव, ही नावे ऐकताच ओळखू येतात. पण सारणातील कांदा-लसूण नावावरून कळत नाही.

येथे कायद्याने दिलेल्या खुणेविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या देशात २००१ आणि २००२ पासून वेष्टनातील खाद्यपदार्थांवर मांसाहारी व शाकाहारी अशा खुणा छापणे बंधनकारक झाले. चौकटीतील हिरवा ठिपका ही शाकाहाराची खूण. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी ठिपका होता, आणि २०२० च्या नियमांनी त्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. अंडे असलेला पदार्थ कायद्याने मांसाहारी गणला जातो, ही आपल्या सोयीची गोष्ट. परंतु दूध आणि मध हे कायद्याने शाकाहारातच धरले आहेत, आणि कांदा, लसूण, बटाटा तर वनस्पतीच. तेव्हा हिरवा ठिपका आपल्या नियमांचा अर्धाच रस्ता चालून देतो. शिवाय काचेच्या कपाटात सुटा मांडलेला माल वेष्टनात नसतो. तेथे तोंडी प्रश्न हाच आधार.

खमिराचा विचार

सर्वांत नाजूक प्रश्न खमिराचा आहे. यीस्ट म्हणजे बुरशीच्या वर्गातील सूक्ष्म जीव. तो पिठातील साखर खाऊन वायू सोडतो, त्याने पीठ फुगते. भट्टीत पावाच्या गाभ्याची उष्णता ९५ अंशांच्या आसपास जाते, आणि यीस्ट त्याच्या पुष्कळ आधी, साठ अंशांच्या सुमारास, नष्ट होते. म्हणजे जीवांची वाढ आणि त्यांचा नाश या दोन्ही क्रिया पावात घडतात, हे मान्य केले पाहिजे. याच कारणास्तव कडक आचार पाळणारे श्रावक खमिराचा पाव वर्ज्य मानतात. इतर पुष्कळ कुटुंबांत तो खाल्ला जातो.

यात कोणास दूषण देण्याचा अधिकार या लेखास नाही. मात्र विचारात सुसंगती असावी. आंबवलेल्या पिठाची जिलेबी पोह्यांबरोबर रोज सकाळी घेणाऱ्याने पाव खाणाऱ्या पुतण्यास धर्मभ्रष्ट म्हणू नये. भोपाळच्या जुन्या वस्तीत शीरमाल आणि खमिरी रोटी पिढ्यान्‌पिढ्या भाजली जाते; खमीर काही जर्मनीहून आले नाही. ज्यांना याविषयी शंका असेल त्यांनी आपल्या गुरुजनांस विचारावे, घराचा एक नियम ठरवावा, आणि तो मुलांस कारणासह सांगावा. कारण सांगितलेला नियम मुले परगावीही पाळतात. नुसता दटावलेला नियम गाडी सुटताच सुटतो.

ज्यांना खमीर वर्ज्य आहे, त्यांनाही मार्ग आहे, आणि तो जर्मनांनीच सुगम केला आहे. बीलेफेल्ड गावचे औषधविक्रेते ऑगस्ट ओएट्कर यांनी १८९१ पासून बेकिंग पावडर लहान पुड्यांत भरून विकावयास आरंभ केला. पावडर त्यांच्या आधीही होती. परंतु एका पुडीत अर्धा किलो पिठास पुरेल इतकेच मोजून द्यावे, म्हणजे गृहिणीचा अंदाज चुकणार नाही, ही युक्ती त्यांची. त्यातूनच एक प्रचंड उद्योग उभा राहिला. या पावडरीने पीठ फुगते ते केवळ रासायनिक क्रियेने; त्यात जीव वाढवावा लागत नाही. तेव्हा अंड्याविना, खमिराविना केलेले बिस्किट वा केक आहे काय, असा प्रश्न बेकरीत अवश्य करावा. आपल्याकडील मिठाईच्या उद्योगानेही जर्मनीचे ऋण घेतलेले आहे. मोहनलाल दयाल यांनी जर्मनीत गोळ्या-चॉकलेटे करण्याची विद्या पाहून यंत्रे आणविली आणि १९२९ मध्ये मुंबईजवळ पार्ले येथे कारखाना काढला. पुढे त्याच कारखान्याचे बिस्किट खेडोपाडी पोहोचले.

प्रत्यक्ष खरेदी

बेकरीत जावयाचे तर सकाळी जावे. माल ताजा असतो, गर्दी कमी असते, विक्रेत्यास उत्तरे देण्यास सवड असते. आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्यांसही ती वेळ सोयीची. प्रथम काहीही न घेता कपाट नीट पाहावे. पाव घेताना त्याचा आकार न पाहता वजन पाहावे. रायचा पाव लहान दिसला तरी जड असतो, आणि पैसा वजनाचा जातो, फुगवट्याचा नव्हे. रंग काळा आहे म्हणून तो पूर्ण धान्याचाच असेल असे मानू नये, कारण करपविलेल्या साखरेनेही मैद्यास काळा रंग चढतो. कोणते पीठ आणि किती भाग, हे विचारावे. भट्टीतून नुकताच काढलेला गरम पाव लगेच कापावयास सांगू नये. गाभा बसण्यास वेळ लागतो.

घरी आणल्यावर पाव कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवावा. शीतकपाटात ठेवल्याने तो अधिक लवकर शिळा व कडक होतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पावसाळ्यात तो एकदोन दिवसांत संपेल इतकाच घ्यावा. बुरशी दिसल्यास तेवढाच भाग काढून उरलेला खाऊ नये. तिचे तंतू डोळ्यांस दिसत नाहीत इतके आत गेलेले असतात. येथे आरोग्यशास्त्र आणि आपली जीवदया एकच सांगतात.

आणखी एक गोष्ट धान्य-व्यापाऱ्यांसाठी. भोपाळशेजारच्या सीहोरचा शरबती गहू चपातीसाठी देशभर नावाजलेला आहे, आणि २०२३ मध्ये त्यास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. आपल्या दारच्या गव्हाचे नाव आता कायद्याने मालाशी बांधले गेले आहे. जर्मनांनी आपल्या रायच्या पावासाठी जे केले, त्याच वाटेवरचे हे पाऊल होय. हे नाव भेसळीने बुडू न देणे आता आपल्याच हाती आहे.

नाव आणि पत

अखेरीस पुण्याच्या त्या दुकानाकडे परत येऊ. १३ फेब्रुवारी २०१० रोजी, शनिवारी संध्याकाळी, गर्दीच्या वेळी तेथे बाँबस्फोट झाला. १७ जणांचे प्राण गेले आणि सुमारे ६० जण जखमी झाले. त्यांत आपल्या देशाचे होते, परदेशचे होते. कित्येक तर ऐन तारुण्यातील होते, सुटीच्या संध्याकाळी मित्रांबरोबर चहा घेण्यास बसलेले. एका टेबलाशी निरनिराळ्या देशांची माणसे बसतात, हेच मारेकऱ्यांना खुपले असावे.

दुकान उद्ध्वस्त झाले. भट्टी, कपाटे, बाके, सारे गेले. असा घाला आल्यावर मालकाने जागा सोडून दुसरा धंदा धरला असता तरी त्यास कोणी बोल लावला नसता. परंतु खरोसे कुटुंबाने तसे केले नाही. तीन वर्षांनी, २०१३ च्या प्रारंभी, त्याच जागी बेकरी पुन्हा उघडली, आणि गिऱ्हाईक परत आले. ‘जर्मन’ या शब्दाने त्यांस परत आणले असे म्हणता येणार नाही. तो शब्द तर गावोगावच्या पाट्यांवर आहे. त्यांना परत आणले ते वीस वर्षांच्या रोजच्या व्यवहाराने. पाटी रंगाऱ्याकडून एका दिवसात लिहून मिळते. पत मात्र एकेक गिऱ्हाईक, एकेक दिवस असे करून जमवावी लागते, आणि एकदा जमली की ती बाँबनेही उडत नाही.

तेव्हा आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांस विनंती अशी की, मुलाने अशा दुकानाच्या दाराशी नेले तर पाटी पाहून परत फिरू नये, आणि पाटी पाहून भुलूही नये. मुलासमवेत आत जावे, त्याच्यासमक्ष प्रश्न करावेत, जे आपल्या नियमात बसेल ते आनंदाने घ्यावे, जे बसत नसेल ते नम्रपणे नाकारावे. काहीच बसत नसेल तर एक पेला दूध किंवा फळाचा रस घेऊन उठावे. त्यात कमीपणा नाही. मुलगा त्या दिवशी दोन गोष्टी शिकेल: आपल्या घराचा नियम लपविण्यासारखा नाही, आणि दुसऱ्याचे दुकान भिण्यासारखे नाही. मग तो एकटा गेला तरी तेच प्रश्न विचारील, आणि घरी येऊन काय खाल्ले ते मोकळेपणाने सांगेल.